सुट्टी सरल्यावरचे अंदमान: निवृत्त जोडप्याला वर्षभर राहायचे असेल तर

प्रश्न असा आहे: कोल्हापूरच्या राजारामपुरीतले एक काका, वय ६५, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. मुलगी नोकरीनिमित्त अंदमानात, पोर्ट ब्लेअरला (आताचे श्री विजयपुरम). दिवाळीनंतर काका-काकू तिकडे गेले, नाताळची सुट्टी नातवंडांबरोबर हॅवलॉक आणि नील (आता स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप) बेटांवर घालवली. आता काका-काकू परत आले, मुलगी-जावई कामाला लागले, नातवंडे शाळेत जाऊ लागली आणि मुलगी म्हणते, "जवळच घर भाड्याने घेऊ, इथेच येऊन राहा." काकांना मधुमेह आहे, दिवसातून दोनदा इन्सुलिन. काकूंना रक्तदाब. रोजचे जगणे कसे असेल, कोल्हापुरातून काय न्यावे आणि काय बिघडते, हे त्यांना हवे आहे.

काका, राहता येते आणि चांगले राहता येते. पण तुम्ही जे दिवस पाहिले ते तिथले सगळ्यात सोयीचे दिवस होते. पाऊस नुकता सरलेला, धरण भरलेले, समुद्र शांत, बोटी वेळेवर. मार्च-एप्रिलमध्ये त्याच घरात पाणी जपून वापरावे लागते आणि मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास मोसमी पाऊस येतो, केरळच्या साधारण दहा दिवस आधी. वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर. गगनबावड्याचा पाऊस पाहिलेल्याला हा आकडा मोठा वाटणार नाही, पण आपल्याकडे तो चार महिन्यांत उरकतो. तिथे सरीवर सरी मे ते डिसेंबर चालतात. म्हणून माझे पहिले सांगणे: आत्ता अकरा महिन्यांचा करार करू नका. मुलीच्याच घरी किंवा महिन्याच्या बोलीवरच्या खोलीत जूनअखेरपर्यंत राहा. मार्चची पाणीटंचाई आणि जूनचा पाऊस हे दोन्ही अंगावर घेतले की ठरवायला सोपे जाईल.

घड्याळापासून सुरुवात करू, कारण तुमचे इन्सुलिन त्याला बांधलेले आहे. घड्याळ आपलेच, पण सूर्य आपला नाही. कोल्हापूर साधारण ७४ रेखांशावर, पोर्ट ब्लेअर पावणेत्र्याण्णववर. साडेअठरा अंशांचा फरक, अंशाला ४ मिनिटे, म्हणजे सव्वा तास. जूनमध्ये तिथे पाचच्या सुमारास उजाडते आणि पावणेसहाला मावळते. नोव्हेंबरात तर संध्याकाळी पाचलाच दिवे लागतात. कोल्हापूरची सवय घेऊन गेलेली माणसे सातला उठतात, तेव्हा ऊन चढलेले असते. फिरणे होत नाही, रात्री झोप येत नाही आणि आठवडाभरात साखर वर-खाली व्हायला लागते. पहिल्या दिवसापासून तासभर आधीचा दिनक्रम धरा: साडेचार-पाचला उठणे, सातला न्याहारी, बाराला जेवण, सातच्या आत रात्रीचे जेवण. न्याहारी आणि रात्रीचे जेवण यांत बारा तासांचे अंतर आपोआप राहते आणि दोन वेळच्या इन्सुलिनला तेच हवे असते. हा बदल निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना सांगा. पहिले दहा दिवस उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी अशी साखर लिहून ठेवा. डोस आपल्या मनाने हलवू नका.

आता पाणी. हा तुमचाच विषय, तेव्हा हिशेबच मांडतो. शहराचे पाणी मुख्यतः धनीखाडी धरणातून येते. भर पावसाळ्यात चिंता नसते, पण उन्हाळ्यात नळाला दिवसाआड, कधी त्याहून उशिरा पाणी येते, तेही थोडा वेळ. दोघांना जपून वापरले तर माणशी १०० लिटर धरा. तीन दिवसांचे ६००, वर पाहुणे आणि उशीर यांसाठी २०० ते ३००. म्हणजे १००० लिटरची टाकी ही तुमच्यासाठी चैन नाही, किमान गरज आहे. घर बघायला जाल तेव्हा सजावट नंतर पाहा. आधी विचारा: टाकी किती लिटरची, ती तुमच्या एकट्याची की चार भाडेकरूंची, जमिनीखाली साठवण आहे का, आणि वर चढवायचा पंप कुणाच्या मीटरवर. एप्रिलमधला पाण्याचा वार कोणता, हे शेजारच्या घरी विचारा. घरमालकापेक्षा शेजारी खरे सांगतो.

पत्र्याचे छप्पर असेल तर पावसाचे पाणी धरता येते. ५० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५०० लिटर. गळती, उडणे वजा जाता ४०० हाती लागतात. पहिले एक-दोन मिलिमीटर, म्हणजे ५० ते १०० लिटर, सोडून द्या. पक्ष्यांची घाण, पाला आणि पत्र्याचा गंज त्यातच येतो. खारी हवा पत्रा लवकर खाते. धरलेले पाणी तांबूस दिसले तर ते धुण्या-भांड्याला वापरा, पिण्याला नको. टाकीच्या तोंडाला बारीक जाळी घट्ट बांधा, नाहीतर आठवड्याच्या आत डासांच्या अळ्या होतात.

पिण्याच्या पाण्यासाठी आरओ घेऊ नका, निदान टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजल्याशिवाय घेऊ नका. धरणाचे आणि पावसाचे पाणी मुळात गोडे. आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर फेकून देतो आणि टंचाईत ते परवडत नाही. गाळणी आणि यूव्हीचे यंत्र पुरते. वीज गेली तर उकळणे हाच मार्ग. टाकीत ब्लीचिंग पावडर टाकायची तर १००० लिटरला साधारण अडीच ग्रॅम चांगल्या प्रतीची पावडर बादलीभर पाण्यात कालवा, दहा मिनिटे निवळू द्या, वरचे पाणी टाकीत ओता, खालचा चुना टाकून द्या आणि तासाभराने पाणी वापरायला घ्या. अडचण अशी की दमट हवेत उघडी राहिलेली पावडर काही आठवड्यांत निकामी होते. डब्यातून क्लोरिनचा झणझणीत वास येत नसेल तर ती टाकून काही उपयोग नाही. म्हणून क्लोरिनच्या पाकीटबंद गोळ्या बऱ्या.

यानंतरची सगळी बिघाडी एकाच कारणाने होते: हवेतला ओलावा. तो वर्षभर बहुतेक ७५ ते ८५ टक्क्यांच्या घरात असतो आणि सत्तरच्या वर बुरशीला आणखी काही लागत नाही. त्यात समुद्राचे मीठ. हे दोन्ही कुठे कुठे घुसतात, ते नीट पाहू.

औषधे आधी. महिन्याभराच्या गोळ्या काढून प्लास्टिकच्या खणांच्या डबीत भरून ठेवायची सवय असेल तर ती सोडा. गोळी पट्टीतच राहू द्या. डबीत फार तर आठवड्याच्या. ॲस्पिरिनची गोळी ओलावा ओढून मोडते, तेव्हा तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. असा वास आला तर ती पट्टी फेका. साखर मोजायच्या पट्ट्यांची बाटली उघडी राहिली की पट्ट्या ओलावा पितात आणि आकडा चुकतो, आणि चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन घेतले तर धोका तुमच्या जिवाला. पट्टी काढली की टोपण लगेच दाबून बंद. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा आणि वेष्टनावर दिलेल्या मुदतीनंतर उरलेल्या पट्ट्या वापरू नका. शंभर पट्ट्यांची एक बाटली स्वस्त पडली तरी पन्नासच्या दोन घ्या.

इन्सुलिनचे न उघडलेले पेन किंवा कुपी २ ते ८ अंशांत, शीतकपाटाच्या मधल्या फळीवर. दारात नको, बर्फाच्या कप्प्याजवळ तर मुळीच नको, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी कामाचे राहत नाही. वापरात घेतलेले साधारण २८ दिवस बाहेर चालते, पण घरातले तापमान २५ ते ३० अंशांच्या आत हवे; नेमकी मुदत आणि तापमान तुमच्या पेनच्या कागदावर असते. वीज गेली की आपल्याकडे माठात ठेवायची युक्ती सांगतात. ती कोल्हापूरच्या एप्रिलमध्ये चालते, तिथे चालत नाही. माठ गार होतो तो बाष्पीभवनाने, आणि ८५ टक्के ओल्या हवेत पाणी उडतच नाही. त्याऐवजी रुंद तोंडाचा थर्मास, गोठवलेली जेलची पिशवी जाड फडक्यात गुंडाळून तळाशी, वर इन्सुलिन. जेल आणि पेन एकमेकांना टेकू देऊ नका. चारेक तासांनी जेल बदला.

विजेचे सांगायचे तर बेटांवरची वीज मुख्यतः डिझेलवर बनते आणि डिझेल जहाजाने येते. वीज जाते, हे धरूनच घर लावा. इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास, हाताला येतात १००० ते १२००. जुने ७५ वॅटचे दोन पंखे आणि दिवे लावले तर सहा तास; तेच ३० वॅटचे, कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे घेतले तर नऊ-दहा तास. पंख्याचे जास्तीचे पैसे एका पावसाळ्यात सार्थकी लागतात. बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेली लावा, खाऱ्या हवेत तिथे पांढरा-हिरवा थर फार लवकर धरतो.

काकूंचा प्रश्न होता वर्षाच्या चटणीचा. वर्षाची नेऊ नका. कांदा-लसूण चटणीत तळलेल्या कांद्या-लसणाचा आणि खोबऱ्याचा अंश असतो. कोल्हापुरात ती बरणीत हिंगाचा खडा आणि वर मीठ घालून वर्ष काढते, तिथे रोज उघडणाऱ्या बरणीत पावसाळ्यात महिन्याभरात गोळे होतात, खोबरे खवट होते आणि कडेने पांढरी बुरशी धरते. तीन महिन्यांपुरती दीड-दोन किलो न्या. तिथे पोचल्यावर पाव-पाव किलोच्या काचेच्या कोरड्या बाटल्यांत दाबून भरा, वर बोटभर तेल. एक बाटली वापरात, बाकीच्या बर्फाच्या कप्प्यात. बाहेर काढलेली बाटली घरातल्या हवेइतकी होईपर्यंत झाकण उघडू नका; थंड बाटलीत हवेतले पाणी जमते आणि तेच चटणी नासवते. ओला चमचा तर नाहीच. विमानात चटणी मोठ्या सामानात टाका, हातातल्या पिशवीत तिखट सोडत नाहीत. नेताना प्लास्टिकचा डबा, त्याला दोन पिशव्या आणि मध्ये वर्तमानपत्र, नाहीतर साड्यांना तेल लागते.

गुळाची ढेप नेऊ नका. गूळ हवेतले पाणी ओढतो, पाझरतो, मग आंबतो. किलोभर गूळ फोडून, खडे बटर पेपरमध्ये गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डब्यात शीतकपाटात ठेवा. काकांसाठी तोही फार झाला. जोंधळ्याचे पीठ एक-एक किलोच्या पिशव्यांत, पाच किलोच्या वर नको. पीठ जुने झाले की विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. तेव्हा उकळत्या पाण्यात उकड काढून मळा, नाहीतर तिथे सहज मिळणाऱ्या तांदळाच्या पिठाची भाकरी करा. नारळ मुबलक आहे, पांढऱ्या रश्शाची अडचण नाही.

कोल्हापुरी चपला तिकडे नेण्याचा मोह सगळ्यांना होतो. झाडाच्या सालीने कमावलेले ते कातडे. तिथल्या पावसाळ्यात बंद कपाटात आठ-दहा दिवस राहिले की पट्ट्यांवर हिरवट-पांढरी लव येते, भिजले तर तळवा फुगून शिवण सुटते. एक जोड न्यायचाच असेल तर जानेवारी ते एप्रिलपुरता. मोकळ्या हवेत ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत कधीही नाही, आणि लव दिसली तर कोरड्या ब्रशने झाडून ऊन दाखवा. रोजच्यासाठी खोल नक्षीच्या तळव्याचे, मागे पट्टा असलेले रबरी सँडल घ्या. शेवाळलेल्या पायरीवर पाय घसरून मनगट किंवा खुबा मोडणे हा तुमच्या वयातला तिथला मोठा अपघात आहे. मगर, साप यांची भीती लोक घालतात, पण न्हाणीघरातली ओली फरशी त्यांच्यापेक्षा जास्त माणसे अंथरुणाला खिळवते. भाड्याच्या घरात न्हाणीघरात आणि मागच्या पायऱ्यांना धरायला दांडी बसवून घ्या, ती ३१६ प्रतीच्या स्टीलची. साध्या स्टीलवर किनाऱ्याजवळ तपकिरी डाग पडतात.

जरीच्या साड्या, पैठणी, इरकल कोल्हापुरातच राहू द्या, त्यांची जर तिथे काळी पडते. सुती कपडे न्या. कपाट भिंतीला चिकटवू नका, चार बोटे जागा सोडा. सिलिका जेलच्या पुड्या उघड्या-मिटत्या कपाटात टाकणे वाया. त्या फक्त घट्ट बंद डब्यात काम करतात. कानाचे यंत्र, कॅमेरा, कागदपत्रे अशा डब्यात ठेवा. केशरी जेल हिरवे झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दीड-दोन तास तापवले म्हणजे परत केशरी होते. लोखंडी तवा धुतला की जाळावर सुकवून तेलाचे बोट फिरवा. कुलपे पितळी घ्या.

बाजार सोपा आहे, फक्त त्याचा कल ओळखावा लागतो. कांदा, बटाटा, लसूण, डाळी, गहू हे मुख्य भूमीवरून येते. समुद्र खवळला, जहाज लांबले की भाव चढतो. म्हणून डाळ-तांदूळ महिन्याचे घरात असू द्या, पण कांदे पाच किलोच्या वर घेऊ नका; जाळीत टांगले तरी पावसाळ्यात कोंब येतात आणि कुजतात. स्थानिक भेंडी, शेवगा, लाल माठ, अळू, केळी, पपई ताजी मिळते, तीच जास्त खा. कोल्हापूरच्या गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळून मिळते तसे धारोष्ण दूध तिथे शोधू नका. बंद पाकिटाचे आणि पावडरीचे दूध मुबलक, त्यावर चहा चांगला होतो, दही मात्र पातळ लागते. लिटरभर दुधात दोन चमचे दूध पावडर जास्त घाला, बरे लागते.

मासे ही खरी चंगळ. जंगलीघाटच्या बाजारात सकाळी लवकर जा. कल्ले लालभडक, डोळे फुगीर आणि स्वच्छ, अंग बोटाने दाबले की परत वर येणारे. हे सगळ्यांना माहीत असते. माहीत नसते ते हे, की सुरमई, कुपा यांसारखे मासे बर्फाविना तास-दोन तास उन्हात राहिले तर त्यांत हिस्टामिन तयार होते आणि ते शिजवून जात नाही. खाल्ल्यावर अर्ध्या-एक तासात चेहरा लाल, डोके ठणकणे, अंगावर पित्तासारख्या गांधी. रक्तदाबाच्या माणसाला हे जास्त त्रासाचे. तेव्हा हे मासे बर्फावर असतील तरच घ्या, घरून बर्फाची पिशवी घेऊन जा आणि आल्याबरोबर साफ करून शीतकपाटात टाका. वास चांगला आहे म्हणून विश्वास ठेवू नका, हिस्टामिनला वास नसतो.

परसात कुंड्या लावायच्या तर गोगलगायी येतील. हाताच्या मुठीएवढ्या आफ्रिकी गोगलगायी दुसऱ्या महायुद्धात जपानी लोकांबरोबर तिथे आल्या आणि आता सगळीकडे आहेत. संध्याकाळी बॅटरी घेऊन, हातमोजे घालून वेचणे आणि मिठाच्या पाण्यात टाकणे हाच खात्रीचा उपाय. रोपे विटांवर चढवून ठेवा.

तब्येतीचे धोके दोन-तीनच, पण ते नीट ओळखा. पहिला लेप्टोस्पायरोसिस. उंदीर आणि गुरांच्या मुतातून चिखलात, साचलेल्या पाण्यात उतरणारा हा ताप अंदमानात जुना आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे (आयसीएमआर) पोर्ट ब्लेअरमधले केंद्र त्यावर अनेक वर्षे काम करते आहे. पावसाळ्यात ताप, पोटऱ्या पिळवटून दुखणे आणि डोळे लाल ही तीन एकत्र दिसली तर घरी पॅरासिटामॉल खात बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि चिखलातून गेलो होतो हे आवर्जून सांगा. उशीर झाला तर मूत्रपिंड आणि यकृत जातात. बागकामाला गमबूट, पायावर ओरखडा असेल तर जलरोधक पट्टी.

दुसरा, प्रवाळाची जखम. काका, मधुमेह्याने तिथल्या किनाऱ्यावर अनवाणी चालायचे नाही, एकदाही नाही. प्रवाळाचे तुकडे काचेसारखे कापतात आणि पायाची संवेदना कमी असेल तर कळतही नाही. घरी आल्यावर रोज तळपाय आरशात पाहा. कापले तर गोड्या स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा, कण मऊ ब्रशने काढा, लाली पसरायला लागली की दवाखाना. तिसरे, वाळूतल्या बारीक माश्या: पहाटे आणि सूर्यास्ताला किनाऱ्यावर चावतात, खाजवून जखमा होतात आणि त्या पिकतात. पायभर कपडे घाला, वाळूवर थेट बसू नका, वर्दळीच्या वाटेने फिरा. घरात घोण, म्हणजे मोठी गोम, निघते. तिचा चावा भयंकर दुखतो. बूट झटकून घालणे आणि अंथरूण जमिनीला टेकू न देणे एवढे पुरते.

दवाखान्यामुळेच घराची जागा ठरवा. जी. बी. पंत हे तिथले मोठे सरकारी रुग्णालय. त्यापासून वाहनाने अर्ध्या तासाच्या आत राहा. हॅवलॉकच्या किनाऱ्याजवळचे घर कितीही मनात भरले तरी इन्सुलिनवरच्या माणसाने तिथे कायमचे राहू नये. वादळी हवेत बोटी बंद होतात आणि मध्ये दोन-अडीच तासांचा समुद्र आहे. हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रियेसारख्या गोष्टीसाठी चेन्नई किंवा कोलकाता गाठावे लागेल असे धरा, आणि दोघांच्या आयत्या वेळच्या विमान तिकिटांचे पैसे बचत खात्यात वेगळे ठेवा. मुदत ठेवीत अडकवू नका. विमा पॉलिसी तिथल्या कोणत्या रुग्णालयात चालते, हे निघण्याआधी कंपनीकडून लेखी घ्या. औषधे तीन महिन्यांची, वर पंधरा दिवस जास्तीची, आणि चिठ्ठीवर ब्रँडबरोबर औषधाचे मूळ नाव लिहून आणा, म्हणजे दुसऱ्या कंपनीची गोळी ओळखता येते.

घर निवडताना उंचवटा पाहा. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन खचली आणि सिप्पीघाटकडची शेते खाऱ्या पाण्याखाली गेली. हा भाग भूकंपाच्या सर्वांत तीव्र क्षेत्रात येतो. जमीन जोरात किंवा खूप वेळ हलली आणि तुम्ही किनाऱ्यालगत असाल, तर त्सुनामीच्या भोंग्याची वाट न पाहता चढण धरा आणि अधिकृत सूचना येईपर्यंत खाली उतरू नका. औषधे, चष्मा, बॅटरी, पाण्याची बाटली आणि कागदपत्रांच्या प्रती अशी एक पिशवी दाराशी टांगलेली असू द्या.

पेन्शनचे काम तिथून होते. हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो. 'जीवन प्रमाण'वर मोबाइलने चेहरा दाखवून तो घरबसल्या निघतो. उतारवयात बोटांचे ठसे पुसट होतात, तेव्हा चेहऱ्याचीच सोय बरी. आधार आणि पेन्शन खाते यांना एकच चालू मोबाइल क्रमांक जोडलेला आहे ना, हे निघण्याआधी कोल्हापुरातच तपासा. तिथे बसून क्रमांक बदलायला गेलात तर बँकेच्या गृहशाखेचे खेटे दुसऱ्या कुणाला तरी घालावे लागतील. चेन्नईहून समुद्रातून टाकलेली केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाल्यापासून इंटरनेट पुष्कळ सुधारले आहे, व्हिडिओवर बोलणे होते.

आता जे कुणी विचारत नाही ते. सुट्टीत घर भरलेले होते. आता सकाळी आठ ते संध्याकाळी पाच तुम्ही दोघेच. त्यात काका बाजाराला, फिरायला बाहेर पडतात आणि काकू स्वयंपाक, नातवंडांचे डबे आणि पाण्याचा वार यांत घरातच राहतात. तिथे टिकलेली आणि न टिकलेली जोडपी पाहिली तर फरक बहुतेक इथे पडतो. कोल्हापुरात काकूंना शेजार आहे, भजनी मंडळ आहे, अंबाबाईचे दर्शन आहे. तिथे ते नव्याने उभे करावे लागते आणि आपोआप होत नाही. मुलीशी आधीच बोलून घ्या: कामाला बाई, आठवड्यातले दोन दिवस नातवंडांची जबाबदारी नाही, आणि काकूंच्या हातात त्यांचे वेगळे पैसे. भाषेची भीती नको. बंगाली, तमिळ, तेलुगू, मल्याळी सगळे एकमेकांशी हिंदीतच बोलतात. पहाटे मरीना पार्कच्या बाजूला फिरणारी ज्येष्ठ मंडळी रोज तीच असतात. आठवडाभर एकाच वेळी गेलात की लोक स्वतः विचारपूस करतात. राज्य ग्रंथालय आहे, देवळे आहेत. पावसाळ्यातल्या दुपारी लांब असतात आणि संध्याकाळी लवकर अंधार. तेव्हा घरात करण्यासारखे एखादे काम, मग ते नातवंडांना मराठी वाचायला शिकवणे का असेना, ठरवूनच जा.

फिरताना तीन गोष्टी पाळा. शिंपले, प्रवाळ उचलून आणू नका, मेलेले प्रवाळ नेणेही गुन्हा आहे. जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून वाहनांच्या ताफ्याने जाताना फोटो काढू नका, काही देऊ नका. मगरींची पाटी असेल तिथे पाण्यात पाय बुडवू नका, खाडीच्या तोंडाशी तर पाटी नसली तरी नको.

राहिले कोल्हापूरचे घर. अंदमानातला पावसाळा सुरू झाला की पाठोपाठ कोल्हापूरचाही येतो, म्हणजे दोन्ही घरे एकदम ओली. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचे पाणी कुठवर आले होते ते तुम्हाला चांगलेच माहीत आहे. राजारामपुरी उंचावर आहे, पण घराचा एखादा दस्त, बँकेचे लॉकर किंवा नातेवाइकांकडे ठेवलेले सामान सखल भागात असेल तर जूनआधी हलवा. निघताना पाण्याचा मुख्य कॉक बंद, गॅसचा रेग्युलेटर काढून, शीतकपाट रिकामे करून दार अर्धवट उघडे, मोरीच्या जाळीवर ओले फडके आणि वीट. वीज बिल आणि घरफाळा खात्यातून परस्पर भरला जाईल असे करा. किल्ली अशा शेजाऱ्याकडे द्या जो पंधरा दिवसांनी खरोखर दार उघडून खिडक्या मोकळ्या करेल. नुसती किल्ली सांभाळणाऱ्याचा उपयोग नाही. परतीचे तिकीट जुलैच्या पहिल्या आठवड्याचे काढा. कोल्हापूरहून तिकडे थेट विमान नाही, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद किंवा कोलकात्याला बदलावे लागते. पावसाळ्यात पोर्ट ब्लेअरचे विमान हवेमुळे रद्द होऊ शकते, म्हणून मधल्या शहरात एक मुक्काम धरा आणि इन्सुलिन, पट्ट्या आणि बिस्किटांचा पुडा हातातल्याच पिशवीत ठेवा.